आधी बीपी, मग भेट

मी बीपीचं मशीन बोलतोय. आजकालचं बटण दाबलं की टुकटुक करणारं नव्हे. मी जुनं, पाऱ्याचं, पत्र्याच्या पेटीतलं. झाकण उघडलं की काच ताठ उभी राहते आणि समोरचा माणूस आपोआप सरळ बसतो.

कारखान्यातून निघून मी गोंदिया जंक्शनवर उतरलो, तेव्हा माझ्या स्वागताला बँड वाजत होता. शेजारच्या डब्यातून एक वरात उतरली होती, पण तो तपशील मी सहसा सांगत नाही. एकदा एका पैलवानाच्या दंडाला माझा पट्टा गुंडाळला. त्यानं दंड असा फुगवला की पट्टा टरकन फाटला आणि चक्कर मात्र त्यालाच आली! असे किस्से माझ्याकडे पोत्यानं आहेत. गोष्टी सांगताना मी दोनाचे चार करतो, हे मान्य. आकडा सांगताना मात्र आजवर एका रेघेचंही खोटं बोललो नाही. तेवढी एकच अब्रू आहे माझी.

अकरा वर्षं मी गोंदियातल्या एका दवाखान्याच्या वॉर्डात काढली. सकाळच्या एका फेरीत चाळीस दंड. कुणाचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, फक्त खाटेचा नंबर. मला घेऊन फिरायची ती रीना मेश्राम. पाय झपाझप, बोलणं मोजकं. पुढे बॅटरीवरची मशीनं आली आणि मी कपाटावर जाऊन बसलो.

त्याच सुमारास रीनानं दवाखाना सोडला. ती आता घरी जाऊन एकाच पेशंटची ड्युटी करणार होती.

"घरात जाऊन आया बनशील गं," एक सिस्टर म्हणाली. "आज भाजी निवडायला सांगतील, उद्या भांडी घासायला."

"सांगू दे की," रीना म्हणाली. "इथं मी चाळीस जणांची थोडी थोडी नर्स आहे. तिथं एकाची पूर्ण असेन."

निघताना तिनं मेट्रनबाईंकडे मला मागितलं. "ने बाई, कपाटावर धूळ खाऊन राहिलं," बाई म्हणाल्या. रीनानं मला नवा रबरी फुगा बसवला, दुरुस्तीवाल्याकडे दुसऱ्या मशीनशी ताडून पाहिलं. एका रेघेचा फरक नाही! मी काच जरा जास्तच चमकवली.

पहिलंच घर भोजराज मिस्त्रींचं, गोंदियाच्या टोकाला. राइस मिलमध्ये त्यांचा कान प्रसिद्ध होता. मशीनचा पट्टा कुठं घासतोय ते फाटकाबाहेरून आवाज ऐकून सांगायचे. आता लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला होता, बोलणं गेलं होतं आणि गिळणं बिघडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पातळ काही द्यायचं नाही. सरळ बसवून, हनुवटी खाली करून, घट्ट अन्न चमच्या-चमच्यानं. पातळ पदार्थ छातीत उतरला तर ताप येईल. पंधरा दिवसांनी बघतो. नाही जमलं तर नाकातून नळी."

नळी म्हटली की मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी यायचं. दवाखान्यात त्यांनी ती डाव्या हातानं दोनदा उपसून काढली होती. तेव्हा ते पंधरा दिवस म्हणजे त्यांची परीक्षा होती आणि रीनाचीही.

दवाखान्याला फाटक असतं, फाटकावर चौकीदार असतो. घराचं दार सताड उघडं! आणि आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. आणलेलं आपल्या हातानं भरवल्याशिवाय उठत नाही. कुणी नारळपाणी, कुणी नागऱ्याच्या देवळातलं तीर्थ. शेजारचे चुन्नीलाल तर थर्मास घेऊनच आले. रीना औषध काढायला वळली, तेवढ्यात त्यांनी दोन चमचे चहा मिस्त्रींच्या तोंडात सोडला. असा ठसका लागला की चेहरा निळा पडला. रीनानं त्यांना पुढे वाकवलं, पाठ थोपटली, श्वास ताळ्यावर आणला.

"सिस्टर, लोकांना नाही कसं म्हणू?" मिस्त्रींचा मुलगा चंद्रकुमार हात चोळत म्हणाला. "वाईट वाटते ना त्यांना."

रीनानं मिस्त्रींची हनुवटी पुसली. घर तिचं नव्हतं. वॉर्डात तिनं अख्खी वरात बाहेर काढली असती.

चुन्नीलाल ओशाळून उठले आणि जाता जाता त्यांची नजर माझ्यावर पडली. "सिस्टर, जरा माझा भी बीपी देखून द्या ना."

रीनानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि मला दिसलं, हिच्या डोक्यात काहीतरी पेटलं.

दुसऱ्या दिवशी दाराशी एक स्टूल आलं. स्टुलाशेजारी तिपाई, तिपाईवर मी. येईल त्याला रीना म्हणायची, "या, आधी बीपी, मग भेट. पाच मिनिटं गप्प बसा, बोललं की आकडा वाढतो. हात मांडीवर, मोकळे." तोवर हातातलं नारळपाणी चंद्रकुमार हळूच आत नेऊन ठेवायचा. आकडा ऐकला की माणूस स्वतःच्याच काळजीत पडायचा. मग रीना त्याला मिस्त्रींजवळ बसवून सांगायची, काय द्यायचं नाही आणि का. स्वतःचा आकडा ऐकलेला माणूस दुसऱ्याचं दुखणंही नीट ऐकतो, हे मी तेव्हा पाहिलं. पाच दिवसांत मी पाचशे दंड मोजले. बरं, पन्नास.

सहाव्या दिवशी दुर्पताबाई आल्या. मिस्त्रींची मोठी बहीण. देवरीच्या पलीकडच्या गावाहून बसनं आल्या, मांडीवर स्टीलचा डबा धरून. डब्यात भाताची पेज, पाण्यासारखी पातळ.

"आत्याबाई, आधी बीपी," रीना म्हणाली.

"मी कायले बसू? मी भावाले पाहायले आली, तपासायले नाही!"

"पाचच मिनिटं."

"माय गेली तवा हा तीन वर्साचा होता. याच पेजेवर वाढवला म्या याले. आन् तू मले थांबवून राहिली? कोण होय तू?"

"मी त्यांची नर्स आहे."

"आन् मी बहीण होय!"

चंद्रकुमार भिंतीला चिकटला. आत्यासमोर त्याचा बापही कधी बोलला नव्हता. दुर्पताबाईंनी डबा उघडला, वाटी भरली, पलंगाकडे निघाल्या. रीना मधे उभी राहिली. हटली नाही, आवाजही चढवला नाही. वाटी दोघींच्या मधे. खरं सांगतो, माझा पारा बंद पेटीतसुद्धा थरथरला.

तेवढ्यात पलंगावरून घोगरा आवाज आला. मिस्त्री डावा हात उचलून स्टुलाकडे दाखवत होते.

"बा...ई. ब...स."

आजारपणानंतरचे पहिले दोन शब्द, तेही थोरल्या बहिणीला. दुर्पताबाईंचे पाय तिथंच थांबले. वाटी चंद्रकुमारच्या हातात देऊन त्या मुकाट्यानं स्टुलावर बसल्या, पदरानं डोळे पुसत. पाच मिनिटं झाली. रीनानं पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, स्टेथोस्कोप लावला.

एकशे अठ्ठ्याण्णव, खाली एकशे दहा.

"खोटं बोलते हे डबडं!" दुर्पताबाई कडाडल्या. "या वर्सी बी धानाची रोवणी केली म्या. मले काय धाड भरली?"

डबडं! आणि खोटं! अकरा वर्षांत असा अपमान झाला नव्हता माझा. रीनानं शांतपणे पाच मिनिटं थांबून दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. मी तोच आकडा दाखवला. दाखवणारच.

"आत्याबाई, डोकं दुखते का?"

"दुखते. कोणाचं नाही दुखत?" मग जरा खालच्या आवाजात, "दोन महिन्यांपासून दुखून राहिलं."

"तुम्ही पडल्या तर यांना पेज कोण देईल?"

दुर्पताबाईंनी वर पाहिलं. "तू देऊ देते का?"

"देते की. पेज चांगलीच आहे, फक्त पातळ नको. चमचा उभा राहील अशी घट्ट करा. पण आधी डॉक्टर."

त्याच दुपारी चंद्रकुमार आत्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्या घरात पेज शिजली, आणि सत्तरीच्या दुर्पताबाई भावाला भरवायला नव्यानं शिकल्या. रीना त्यांच्या मनगटाला हात लावून सांगत होती, "हनुवटी खाली. आता थांबा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली? मग दुसरा चमचा." अकरा चमचे गेले. ठसका नाही. बाराव्याला मिस्त्रींनीच मान हलवली, पुरे.

त्यानंतर स्टुलाचा ताबा दुर्पताबाईंनी घेतला. "आधी बीपी!" त्यांच्या आरोळीनं अख्खी गल्ली हात मांडीवर ठेवून रांगेत. पंधराव्या दिवशी डॉक्टर आले, तर त्यांनाही बसवलं. ही थाप नव्हे, एकशे सेहेचाळीस भरले होते! मग त्यांनी मिस्त्रींची छाती तपासली, समोर बसून चार चमचे गिळताना पाहिलं आणि म्हणाले, "साफ आहे. नळीची गरज नाही." दुर्पताबाईंनी आत जाऊन रीनासाठी ताट वाढलं.

दवाखान्यात पेशंट बरा झाला की खाटेवर दुसरा येतो, नर्स तिथंच असते. घरच्या ड्युटीत पेशंट बरा झाला की नर्सच निघते. अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मिस्त्रींनी डाव्या हातानं कप धरून साधा चहा प्यायला, कुणाच्या मदतीशिवाय. रीनानं शेवटच्या घोटापर्यंत पाहिलं आणि माझी पेटी बंद करायला घेतली.

आता मी दुसऱ्या घरी आहे. माझा पट्टा सैल झालाय, पेटीचं एक बिजागर गेलंय. किती दिवस चालेन ठाऊक नाही. जाता जाता एक मागणं आहे. आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा खुशाल डबा घेऊन जा, पण पाच मिनिटं हात मांडीवर ठेवा. त्याला सांभाळणारं माणूस काय म्हणतंय ते ऐका.

आणि हो, त्या घरातला शेवटचा दंड सांगायचा राहिला. रीना माझं झाकण लावणार, इतक्यात दुर्पताबाई न सांगता स्टुलावर येऊन बसल्या. पदर सावरला, हात मांडीवर ठेवला, पाच मिनिटं एक शब्द नाही. एकशे अडतीस, खाली शहाऐंशी. त्यांनी माझ्या काचेवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "खरं बोलते बाप्पा हे डबडं."

बँडची, पैलवानाची गोष्ट खोटी समजलात तरी चालेल. हा आकडा खरा आहे.