आत्याची पपई आणि लग्नाचं डुक्कर

माझ्या भाचीचं, फोलोलेचं, लग्न ठरवायचं तर शेवटचा शब्द माझा. तिच्या बापाची थोरली बहीण आहे मी. आमच्या सामोआत आत्या नाही म्हणाली की घराचा प्रमुखसुद्धा मुकाट्याने चटईकडे बघत बसतो. आणि मला तो अपिया शहरातला एतुआले मुळीच पसंत नव्हता. झाडांच्या खात्यात नोकरी, बोलणं हळू, दंड बघावेत तर काडीसारखे.

शनिवारी दुपारी तो बोटीने डुक्कर घेऊन आला. रविवारच्या मानाच्या जेवणासाठी, चांगलं धिप्पाड. मी म्हटलं, "बांध त्या पपईला."

"आत्या, पपई नको. तिच्यात लाकूडच नसतं म्हणा ना. खोड मऊ, आतून पोकळ. नीरफणसाला बांधू या, ते खरं लाकूड."

नीरफणसाखाली माझी बसायची चटई. तिथली घाण काय ह्याचा बाप काढणार?

"चार बुकं शिकलास म्हणून मला शिकवतोस? सहा वर्षांची पपई आहे ती. तुझ्यापेक्षा उंच!"

"केळही उंच असते, आत्या. उंच झाली म्हणून तिला लाकूड फुटत नाही."

"उद्या म्हणशील, नारळसुद्धा गवत आहे!"

त्याने तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं. मग माझ्या जुन्या लाल लुंगीची पट्टी फाडून मी स्वतः डुकराचा पाय पपईला बांधला. तीन गाठी मारल्या.

संध्याकाळी खोबऱ्याचा चोथा मी परसात डुकरापुढे जरा लांब फेकला, एवढंच माझं चुकलं. डुकराने एकच हिसका दिला. पपई बुंध्यातून कचकन मोडली आणि फळांसकट डुकरामागे निघाली. मी ओरडत मागे! चर्चमध्ये गाण्याची तालीम चालली होती. डुक्कर ह्या दारातून आत, त्या दारातून बाहेर, आणि पाद्रीबाईंच्या पांढऱ्या झग्यावर पपईचा गर. गाणं बंद पडलं ते पडलंच.

शेवटी पपई दोन नीरफणसांच्या मध्ये आडवी अडकली. ती झाडं जागची हलली नाहीत. एतुआलेने डुकरावर झेप घेतली आणि काडीसारख्या हातांनी त्याचा पाय धरून ठेवला.

तेवढ्यात माझा भाऊ लाउलू, फोलोलेचा बाप, धापा टाकत आला. सगळं गाव गोळा झालेलं, फोलोलेच्या डोळ्यांत पाणी.

"ज्याला डुक्कर बांधता येत नाही, त्याला मी मुलगी देऊ? पपईला कोणी बांधलं हे?"

खाली बघते तर एतुआलेने गुपचूप लाल पट्टी सोडवून खिशात कोंबली होती, डुकराचा पाय आता नुसताच त्याच्या मुठीत होता.

"मीच बांधलं, काका," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"मग संपलं. उद्याच्या बोटीने परत जा."

फोलोलेने माझ्याकडे पाहिलं. मला माझीच लाज वाटली हो, खरंच वाटली. मी पुढे झाले, त्याच्या खिशातून पट्टी ओढून काढली आणि लाउलूच्या नाकासमोर धरली.

"खोटं बोलतोय मेला! ही लुंगी माझी, गाठी माझ्या. तो नीरफणस म्हणत होता, मीच ऐकलं नाही."

"अगं ताई, म्हणजे..."

"म्हणजे काय? शेवटचा शब्द माझा ना? लग्न उद्याच ठरवायचं. आणि तू रे, ते डुक्कर आता कुठे बांधायचं ते तूच सांग."