सतरा नंबरचा संगणक आणि हिरवं पाकीट

मित्रांनो, मी एक जुना संगणक. तैवानमधल्या ताइनान शहरातल्या एका विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ सतरा नंबरच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. माझ्या डोक्यावर कायम मक्याच्या कुरकुऱ्यांचं एक हिरवं पाकीट असे. 'शहाण्यासारखा वाग' असं त्यावर लिहिलेलं. ते ठेवलं की यंत्र बिघडत नाही, असं इथे सगळे मानतात. पाकीट हिरवंच हवं, ते फोडायचं नाही आणि त्यावरची तारीख उलटू द्यायची नाही. हसू नका, इथले प्राध्यापकसुद्धा तारीख बघतात.

पेइछुन पहिल्या वर्षाला आली ती बाबांनी दिलेलं पाकीट घेऊनच. बाबा पुताइच्या किनाऱ्यावर कालवं पिकवायचे. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. जानेवारीत शस्त्रक्रिया होणार होती आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. पोरीने त्यांचं बोलणं आधीच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. बाबांनी वाक्य टाइप करावं आणि ते त्यांच्याच आवाजात ऐकू यावं, असा प्रोग्राम तिला लिहायचा होता. त्यासाठीच तर तिने ही संगणकाची पदवी निवडली.

पण पहिल्याच आठवड्यात तिचा हिरमोड झाला. प्रोग्रामिंगचे तास आठवड्याला जेमतेम पाच. बाकी सगळं गणित, तर्कशास्त्र, भौतिकशास्त्र. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या होंगकाकांजवळ ती कुरकुरली, की मी प्रोग्राम लिहायला आलेय, गणितं घोटायला नाही. मग ती गणिताच्या तासाला दांडी मारून माझ्यापुढे बसू लागली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं. तिची बोटं माझ्या कळांवर अशी चालायची की दुपार कधी सरली ते कळायचं नाही.

प्रोग्राम बोलू लागला, पण धड नाही. दोन शब्द जोडले की मध्येच खरखर व्हायची आणि बाबांचा सूर तुटायचा. तिने तो वीसेक वेळा नव्याने लिहिला. तोवर शस्त्रक्रिया झाली, बाबा मुके झाले. मार्चमध्ये ती गणित शिकवणाऱ्या लाय मॅडमना माझ्यापाशी घेऊन आली. मॅडमनी दोनदा ऐकलं.

"तुझ्या लिहिण्यात चूक नाही, बाळ. दोन आवाज कुठे जुळतात ते लहरींचं गणित सांगतं. त्याचा पाया मी गेल्या सत्रात शिकवला. तू नव्हतीस."

"पण मॅडम, पदवी तर प्रोग्रामिंगची आहे ना?"

"त्यातलं टाइप करणं पाव हिस्सा. काय टाइप करायचं, ते उरलेल्या तीन हिश्शांत असतं."

पेइछुन गणितात नापास झाली होतीच. पुढल्या सत्रात ती नव्या मुलांमध्ये खाली मान घालून पुन्हा त्याच वर्गात बसली. माझ्याकडे येईनाशी झाली. माझ्यावर धूळ साचली. ऑक्टोबरात बाबांनी टपालाने नवं पाकीट पाठवलं, सोबत चिठ्ठी होती: 'काय म्हणतोय तुझा डबा? बोलतो का माझ्यासारखा?' तिने पाकीट माझ्या डोक्यावर ठेवलं आणि चिठ्ठी वहीत. नोव्हेंबरात बाबा गेले.

प्रोग्राम मे महिन्यात पुरा झाला. अवघ्या अकरा ओळी बदलल्या होत्या. बाबा फोनवर रोज जे पहिलं वाक्य म्हणायचे, तेच तिने टाइप केलं.

"पेइ, जेवलीस का गं?" मी म्हणालो. खरखर नव्हती. अगदी तो माणूसच.

"जेवले, बाबा," ती म्हणाली. ती सकाळपासून उपाशी होती.

पाकिटाची तारीख उलटली तेव्हा होंगकाका ते काढायला आले. तिने काढू दिलं नाही. आता मी अडगळीच्या खोलीत आहे, पाकिटासकट.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसत जा. पण ज्या तासाचा कंटाळा येतो त्या तासालाही जाऊन बसा, कशासाठी लागेल ते आधी कळत नाही. मला एकच गोष्ट खात राहते. त्या पहिल्या हिवाळ्यात मी दोन आठवडे जरी बंद पडलो असतो, तरी ती वर्गात गेली असती. पण माझ्या डोक्यावर हिरवं पाकीट होतं आणि मी शहाण्यासारखा वागत राहिलो.