बरणीतली दुसरी चिठ्ठी

"शेपटाकडचे केस मोजलेस?" सरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता विचारलं.

"तीनदा मोजले, सर."

"चौथ्यांदा मोज."

मोजले. ध्रुवाजवळच्या गार समुद्रातून आलेला, राठ केसांचा, बोटभर लांब असा हा किडा. आमच्या संग्रहालयात एकतीस वर्षं तो स्पिरिटच्या बरणीत आहे. सरांनी त्याला नवी जात ठरवून आपल्या लेकीचं नाव दिलं. ती त्याच वर्षी तापाने गेली होती, नऊ वर्षांची. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, बरण्यांत स्पिरिट भरायला. किडे ओळखायला सरांनीच शिकवलं. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात, ती अशी.

सरांची चूक आता मला सापडली होती, आणि ती साधी होती. पकडला गेला तेव्हा किड्याचं शेपूट तुटून पुन्हा उगवत होतं. कोवळ्या शेपटावर केस थोडे आणि आखूडच असतात, आणि सरांनी तीच नव्या जातीची खूण धरली. खरं तर हा जुन्याच, माहीत असलेल्या जातीतला एक जखमी किडा. ही चूक दाखवणारा माझा लेख छापून आला की लेकीचं नाव रद्द होणार होतं.

"मी नाही पाठवत लेख," मी म्हणाले. "कुणाचं काय अडलंय?"

"शहाणपणा करू नकोस." सरांनी आता वर पाहिलं. डोळे भरले होते. "इतकी ढोबळ चूक. मला तेव्हा दिसली नसेल का?"

मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.

"तिची आई रोज विचारायची, पोरीचं म्हणून जगात काय उरलं? एक दिवस सांगितलं, एक किडा उरलाय. हसली गं. किती महिन्यांनी हसली." त्यांनी चष्मा पुसला. "आता तीही नाही विचारायला. पाठव लेख."

नवी चिठ्ठी सरांनीच लिहिली, पेन्सिलीने. शाई स्पिरिटमध्ये उतरते. दोन कागद वाया गेले. आमच्याकडे जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. नाव चुकलं तरी ती राहते, नवी तिच्याशेजारी सोडायची.

सरांनी नवी चिठ्ठी आत सोडली. ती तरंगत जाऊन जुनीवर बसली आणि लेकीचं नाव झाकलं गेलं. सरांनी चिमटा पुन्हा आत घातला, नवी चिठ्ठी हलकेच बाजूला सारली आणि झाकण लावलं.