खुर्च्यांचे पाय

तनयाने ध्यानमंदिराचं दार ढकललं आणि उंबऱ्यावरूनच ओरडली, "कोणी ठेवल्या या खुर्च्या?"

मांडववाल्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांचे पाय मातीच्या जमिनीत खुशाल रुतले होते. तिने एक उचलली. खाली चार खळगे. दुसरी उचलली. आणखी चार! सगळी दिवाळीची सुट्टी तिने आणि तिच्या मैत्रिणीने, शाइस्ताने, या जमिनीत घातली होती. वर्गातल्या बाकीच्या मुली मॉलमध्ये फोटो काढत होत्या, तेव्हा या दोघी स्वारगेटहून बस पकडून खडकवासल्याच्या पुढे, या डोंगराखाली येत होत्या. माती भिजवली, तुडवली, चोपली, वरून शेणाने सारवली आणि नखांत तेच शेण घेऊन घरी गेल्या.

"तनू, अगं चाळणी केलीये हिची," शाइस्ता म्हणाली.

हे ध्यानकेंद्र म्हणजे तनयाच्या वास्तुविशारद आईचं, श्यामलाचं, पहिलं मोठं काम. हातभर जाड मातीच्या भिंती, वर जुनी कौलं. पंखा नाही, एसी नाही, तरी भर दुपारी आत माठाशेजारी बसल्यासारखं गार. उद्या इथे पहिलं शिबिर होतं.

"खुर्च्या मी मागवल्या." ध्यान मंडळाचे सचिव गोपाळकृष्णकाका पडवीतून आत आले. मागोमाग आई, चेहरा पडलेला. "आणि श्यामलाताईंना सांगितलंय, ही जमीन काही टिकायची नाही. दुपारी फरश्यांचा टेम्पो येतोय. मातीच्या रंगाच्याच घेतल्यात. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना!" वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून तनयाला गप्प बसणं जमेनासं झालं होतं. "त्याखाली सिमेंट ओतणार तुम्ही. मग मातीच्या भिंती कशाला बांधल्या? अहो काका, ध्यानाला येतायत लोक की लग्नाला?"

"लग्नात निदान जेवण मिळतं," काका म्हणाले. "इथे मुगाची खिचडी आहे."

"तनया, पुरे," आई म्हणाली.

"का पुरे? तू भांडत का नाहीस? ध्यान जमिनीवर बसून करतात एवढं यांना माहीत नाही?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी पायजमा वर ओढला, भिंतीला हात लावला आणि हळूहळू, एकेक हाड विचारत, खाली बसले.

"बसलो," ते म्हणाले. "आता उठव."

तनयाने हात दिला. काका जागचे हलले नाहीत. तिने दोन्ही हातांनी ओढलं. शाइस्ता दुसऱ्या बाजूने लागली. काकांचा तळवा घामाने निसटत होता, मान लाल झाली होती, आणि ते हसत नव्हते. शेवटी कसेबसे उभे राहिले आणि खिडकीशी टेकले.

"घरी हे रोज चालतं," ते धापा टाकत म्हणाले. "तिथे बायको असते. इथे चारचौघांत नको होतं मला. उद्या येणारे निम्मे लोक असेच आहेत."

आता राग काढायचा कुणावर? तनयाची भयंकर चिडचिड झाली. एवढी तयार भाषणं होती तिच्याकडे, माती किती चांगली, सिमेंट किती वाईट, आणि त्यात गुडघे कुठेच नव्हते! ती आईकडे वळली.

"तू विचारलं नव्हतंस यांना? कसे बसणार म्हणून?"

"नाही," आई म्हणाली. "पाऊस विचारला, वारा विचारला, ऊन कुठून येतं ते विचारलं. हे राहिलं."

तनयाचं लक्ष काकांकडे गेलं. टेकता टेकता ते खिडकीच्या रुंद कठड्यावर चक्क बसले होते. भिंत जाड, त्यामुळे कठडाही ऐसपैस. पाय जमिनीवर, पाठ चौकटीला.

"काका, आता उठा बघू."

"का? बरं वाटतंय इथे. गार आहे."

"उठा ना हो!"

काका उठले. एकटे, कुणाचाही हात न धरता.

"कट्टा!" तनया जवळजवळ उडालीच. "आई, भिंतीच्या कडेने सगळीकडे मातीचा कट्टा! मागे ताडपत्रीखाली उरलेल्या विटा आहेत. ज्यांना जमतं ते खाली बसतील, बाकीचे कट्ट्यावर. खुर्च्याही नकोत आणि फरश्याही नकोत."

"वाळायला वेळ लागेल," आई म्हणाली. "उद्याचं शिबिर नाही होणार."

"म्हणजे सगळ्यांना फोन मी करायचे आणि शिव्याही मीच खायच्या," काका म्हणाले. मग तनयाकडे पाहून, "टेम्पोवाल्याला मात्र तू कळव. मुलगी फार गोड बोलते, ऐकलंय मी."

आईने पिशवीतून टेप काढला. यावेळी तो भिंतीला लावण्याआधी ती काकांसमोर वाकली आणि त्यांच्या गुडघ्याची उंची मोजली.

शाइस्ता शेणाची बादली घेऊन आली. तनयाने बाह्या सरसावल्या आणि धुसफुसत पहिला खळगा बुजवायला घेतला. दिवाळीची सुट्टी संपली होती, सोमवारी गणिताची चाचणी होती, आणि खळगे संपता संपत नव्हते.

"ते बघ," काका पुन्हा कठड्यावर बसून म्हणाले. "तिकडे कोपऱ्यात एक राहिलाय."