काढ्याचं भांडं परत न्यायचं नसतं

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लिआओ आजीने मला भिंतीवरून शेजारच्या सूयुनच्या हातात दिलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी एक मातीचं भांडं, काढा उकळायचं. गल्लीतल्या निम्म्या घरांचे खोकले माझ्यात उकळलेत. बूड जळून काळं झालंय आणि आतला कडू वास आता जातच नाही.

सूयुनची लहानगी लेक याया तेव्हा खोकून खोकून निळी पडायची. ज्येष्ठमध, जर्दाळूच्या बिया, संत्र्याची वाळकी साल माझ्यात टाकून सूयुन समोर बसून राहायची. उतू जाईल म्हणून नाही. आपण उठलो की पोरीचा श्वास थांबेल, असं तिला वाटायचं.

उरलेला चोथा ती वाटेवर ओतायची. इथली रीतच तशी. जाणाऱ्यांच्या पायांबरोबर दुखणं घरापासून लांब जातं म्हणतात. एकदा टोफू आणायला निघालेल्या लिआओ आजीचा पाय नेमका त्यावर पडला.

"काय गं ए, माझ्याच वाटेत? जोडे बरबटले की!"

"अगं बाई! आजी, मी पाहिलंच नाही..."

"राहू दे. या म्हाताऱ्या हाडांत दुखण्याला काय मिळणार? जा, पोरीला पाज."

याया बरी झाली. काढ्याने की दुखण्याचे दिवस सरले म्हणून, मला सांगता येत नाही. पण त्याच आठवड्यात भिंतीपलीकडे खोकला सुरू झाला. तसाच, अगदी यायाचा.

तेव्हापासून सूयुन मला उचलते, दारापर्यंत नेते आणि परत ठेवते. उसनं घेतलेलं काढ्याचं भांडं आपण परत न्यायचं नसतं. नेलं तर दुखणंच त्या घरात नेऊन घातलं असं होतं. मालकिणीने येऊन न्यावं लागतं, आणि आजीला तर खाटेवरून उठवत नाही.

"आजी, भांडं न्यायला येताय ना?" सूयुन भिंतीशी उभी राहून विचारायची. "की मीच इथे काढा करून देऊ?"

"माझा काढा तुझ्या चुलीवर? वेडी का गं तू? घरात पोर आहे." मग बराच वेळ खोकला. "येते मी. उद्या."

आज सकाळपासून भिंतीपलीकडे काहीच ऐकू येत नाही. सूयुन यायाला कवटाळून बसलीय. "झोपल्या असतील," म्हणते. कुणाला म्हणते, कोण जाणे.

वाटेने जाणाऱ्यांनो, कुणीतरी लिआओ आजीचं दार ढकलून बघा. आणि जे दिसेल ते सूयुनच्या कानावर घाला. काहीही असो, घाला. ती आपणहून विचारायची नाही.