आखाड्याकाठचा माठ

काठाचा टवका उडालेला, पोटात ओली वाळू बाळगणारा मी एक जुना माठ आहे. मित्रांनो, माझा जन्मच मारातून झाला. कत्सिना शहराजवळच्या एका कुंभारणीने मला आतून दगडाने ठोकले, बाहेरून थापीने बडवले आणि शेवटी गवताच्या आगीत लोटले. शेजारचे दोघे त्या आगीत फुटले. मी टिकलो.

खाटीक आळीतल्या तलातूने मला घरी नेले. तिला एकच मुलगा, बराऊ. लहानपणी तो मला दिवसातून अनेकदा तळापर्यंत रिकामे करू लागला. मी गळका निघालो, असा तलातूला संशय आला. तिने मला उलटे केले, बोटांनी वाजवून पाहिले, कुंभारणीला शिव्या घातल्या. पोरगा मात्र पाणी पिऊन पिऊन वाळत चालला होता. त्याला बेशुद्धावस्थेत दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा उलगडा झाला. गळत होता तो मी नव्हे. बराऊच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हते, आणि रक्तातली साखर पाणी ओढून घेऊन बाहेर वाहत होती.

त्यानंतर माझ्या पोटात एक लहान मडके बसले. मधल्या फटीत वाळू भरली गेली आणि ती ओली ठेवली जाऊ लागली. मडक्यात इन्सुलिनची कुपी असे. बाहेर रान करपले तरी ती कुपी गार ठेवायची, हे माझे काम झाले.

आमच्याकडे खाटकांची मुले मुष्टियुद्ध खेळतात. एका मुठीला दोरी करकचून आवळतात. ती मूठ म्हणजे भाला, दुसरा हात म्हणजे ढाल. त्या दोरीने गाल फाटतात, दात पडतात. बराऊची उंची वाढली तसे त्याचे इन्सुलिन वाढवावे लागले, आणि एके दिवशी तोही आखाड्यात उतरला. त्याचा मामा तांको या खाटीक मल्लांच्या संघाचा प्रमुख होता. सुगी आटोपली की संघ गावोगाव निघे. तलातू मला मांडीवर धरून गाडीत बसे, आखाड्याकाठी कडुनिंबाखाली मांडून ठेवी आणि शेजारी लापशी विके.

त्या वर्षी निघताना दवाखान्यातील परिचारिका रकिया हिने बजावले होते, की झुंजींच्या दिवसांत शरीर साखर भराभर जाळते. म्हणून बोट टोचून रक्त तपासत जा आणि इन्सुलिन कमी करा. जखम चिघळून ताप आला, तर मात्र ते जास्त लागेल. तांकोला हे पटेना. खाटकाला माप पक्के लागते.

"डॉक्टरांनी एकदा माप दिलं, विषय संपला," तो म्हणाला. "पोराचं रक्त काय रोज मत बदलतं?"

"बदलतं, तांकोदादा," रकिया म्हणाली. "तुमच्यापेक्षा लवकर बदलतं."

आता आमचा एक शब्द सांगतो. झुंजीत ज्याचा तळवा, गुडघा किंवा पाठ मातीला लागते, तो 'मेला'. मेलेला उठतो, धूळ झटकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मरायला येतो.

त्या दुपारी शेजारच्याच गावी बराऊची गाठ सांदा नावाच्या दांडग्या मल्लाशी होती. सकाळी इन्सुलिन नेहमीएवढेच घेतलेले, आणि झुंजीआधी पोट हलके हवे म्हणून खाणे जेमतेम. पहिल्याच ठोशात सांदाची भुवई फुटली. रक्ताचे शिंतोडे माझ्यापर्यंत आले. पंचाने हात वर केला, ढोल थांबले, तरी बराऊ थांबेना. त्याने पंचाच्या कानाखाली मूठ हाणली, धरायला आलेल्या मामाच्या बरगड्यांत दुसरी. मल्ल झुंजीआधी चघळतात ती मंतरलेली मुळी त्याच्या अंगात भिनली, असे समजून लोक खूश झाले. मग कोणीही स्पर्श केलेला नसताना तो तोंडावर कोसळला.

"तलातूबाई, तुझा मेला बघ," शेंगा विकणारी म्हणाली.

"मरू दे. भूक लागली की उठेल," तलातू लापशी ढवळत म्हणाली.

ढोल वाजत राहिले. धूळ झटकायला कोणी उठले नाही. तलातूने मान वळवली, तेव्हा बराऊच्या टाचा माती उकरत होत्या. ती धावली, त्याच्या घामाने भिजलेल्या मानेवर हात ठेवला आणि साखरेसाठी माघारी आली. तांको आडवा आला.

"साखरेच्या आजाराला साखर? पोराला खरंच मारतेस का?"

त्याने तिचे मनगट पिरगाळले. तिने लापशीचा गरम डाव त्याच्या तोंडावर हाणला. त्याचा ओठ फाटला, तो माझ्यावर आदळला आणि माझ्या काठाचा तुकडा उडाला. तलातूने मुलाला कुशीवर वळवले आणि ओली साखर हिरड्यांवर बोटाने थोडी थोडी चोळत राहिली. बऱ्याच वेळाने तो हलला, आणि शुद्धीवर येता येता त्याने दोरी बांधलेली मूठ आईच्याच तोंडावर मारली. तिने दात थुंकला आणि पुन्हा साखर चोळली.

मेंदू उपाशी पडला की माणूस असा पिसाळतो, हे रकियाने त्या रात्री दवाखान्यात तांकोच्या ओठाला टाके घालताना सांगितले. तो प्रथमच निमूट ऐकत होता. बोलता येत नव्हते, हेही एक कारण असावे. पुढे इन्सुलिन तिच्या सल्ल्याने कमी झाले. बराऊची मूठ पिकून ताप आला तेव्हा वाढले, ताप उतरल्यावर पुन्हा कमी झाले. रोज पहाटे तांको माझ्यापाशी येऊन विचारी, "आज रक्त काय म्हणतंय?"

पुढच्या मोसमात पुन्हा सांदा समोर आला. बराऊने त्याचे नाक मोडले होते. आणखी एक ठोसा, की विजय. तेवढ्यात बराऊची ढालीची बोटे थरथरली. त्याने सांदाकडे पाहिले, कडुनिंबाकडे पाहिले, आणि सावकाश वाकून आपला तळवा मातीवर टेकवला.

"वाऱ्यानं मेला!" गर्दी खिदळली. कोणी वाळूची मूठ फेकली. तांको तरातरा आत शिरला. तो भाच्याला बडवणार, असेच मला वाटले.

"मेलाय ना? मग सरका," तो गर्दीला म्हणाला. "मेलेल्याला साखर द्यायचीय."

मित्रांनो, माझी वाळू एकदा भिजवून भागत नाही. ऊन पाहून पाणी कमी-जास्त करावे लागते. हा आजार असलेल्या तुमच्या सोबत्याचे रक्तही तसेच आहे. तो अचानक घामाघूम झाला, विनाकारण अंगावर धावून आला, तर त्याला माजलेला म्हणू नका. तो पडला, तर लांबून नावे ठेवू नका. जवळ जा.