सर्दीनं कोणी मरत नाही

"मिसेस देवस्थळी, नमुने नष्ट केल्याच्या या फॉर्मवर सही कोणाची आहे?"

चौकशी समितीच्या अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. यामिनीताईंनी चष्मा लावून बघितलं. खरं तर स्वतःची सही ओळखायला चष्मा कशाला लागतो!

"माझी."

"आणि आदेश कोणाचा होता?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला संस्थेचे संचालक डॉ. वर्तक पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"डॉ. वर्तकांचा. तोंडी."

"मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही," डॉ. वर्तक म्हणाले. इंग्रजीत म्हणाले. पाच वर्षांत यामिनीताईंशी ते इंग्रजीत बोलल्याची ही पहिलीच वेळ होती.

यामिनीताई जन्मानं कोलकात्याच्याच. बालीगंजात वाढलेल्या, लग्न होऊन डमडमला गेलेल्या. विषाणूंवर संशोधन करणाऱ्या या सरकारी संस्थेत त्या तंत्रज्ञ होत्या आणि त्यांच्या वाट्याला आली होती सर्दी. शेजारच्या मुलांच्या रुग्णालयात जायचं, नाक वाहणाऱ्या पोरांना आईच्या मांडीवर धरायला लावायचं, नाकात काडी फिरवून ती नळीत बुडवायची. मग कुठला विषाणू आहे ते शोधायचं आणि उरलेला नमुना उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचा. बावीस वर्षं त्यांनी हे केलं. महाराष्ट्र मंडळात गणपतीला जमलेल्या बायका हसायच्या, "यामिनी शेंबूड गोळा करते म्हणे!" त्याही हसायच्या. पण साध्या सर्दीच्या विषाणूचे दीडशेहून जास्त प्रकार असतात आणि ते दरवर्षी पाळी लावल्यासारखे बदलतात, हे त्या हसणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक नव्हतं. कोलकात्यात कुठल्या हिवाळ्यात कुठला प्रकार आला होता, ते त्या अकरा हजार नळ्यांत होतं. दुसरीकडे कुठंच नव्हतं.

डॉ. वर्तक पुण्याहून बदलून आले, तेव्हा यामिनीताईंना बरं वाटलं होतं. कोचूच्या, म्हणजे तिकडच्या अळूच्या, पानांच्या वड्या करून त्या डबा न्यायच्या. "ताई, तुमच्यामुळं घरच्यासारखं वाटतं इथं," असं ते म्हणायचे.

मग करोना आला. त्या जूनमध्ये रोज हजारो नमुने येऊन पडू लागले. व्हरांड्यात डॉ. वर्तकांनी त्यांना गाठलं.

"यामिनीताई, ते सर्दीचं सगळं काढून टाका हो. दोन्ही फ्रीजर रिकामे हवेत मला."

"साहेब, बावीस वर्षांचं आहे ते. दुसरीकडे कुठं हलवता नाही का येणार?"

"कुठं हलवणार? सर्दीनं कोणी मरत नाही, ताई. माणसं मरतायत ती याच्यानं."

यामिनीताईंना हावड्याचं एक मूल आठवलं. अकरा महिन्यांचं. आई त्याला फेरीबोटीतून घेऊन आली होती. चौथ्या दिवशी ते गेलं. त्याच्या नमुन्यात साध्या सर्दीच्या विषाणूशिवाय काहीही निघालं नव्हतं. डॉक्टरांचा विश्वास बसेना, म्हणून यामिनीताईंनी तपासणी तीनदा केली होती. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण वेगळंच बोलून गेल्या.

"मग लेखी द्याल?"

"घरच्या माणसाकडं लेखी मागता?" डॉ. वर्तक दुखावल्यासारखे हसले.

यामिनीताईंना लाज वाटली. त्यांनी सही केली. टाळेबंदीत माणसं नव्हती, म्हणून नळ्या त्यांनीच पिवळ्या पिशव्यांत भरल्या आणि वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. तीन दिवस लागले. हावड्याच्या त्या मुलाची नळी हातात आली, तेव्हा लेबलावरचं स्वतःचं अक्षर वाचून त्यांनी ती इतर नळ्यांबरोबरच टाकली.

तीन वर्षांनी परदेशातल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. करोनाच्या आधीच्या सर्दीचे विषाणू कोणते होते आणि त्यातले कोणते नाहीसे झाले, यावर त्यांना काम करायचं होतं. डॉ. वर्तकांनी लगेच कळवलं की आमच्याकडे बावीस वर्षांचा संग्रह आहे. मग ते हसत प्रयोगशाळेत आले. "यामिनीताई, ते सर्दीचे नमुने कुठं ठेवलेत तुम्ही?"

यामिनीताईंनी हातातली नळी खाली ठेवली. ते खरोखरच विसरले होते.

"तुम्हीच तर टाकायला सांगितलंत, साहेब."

डॉ. वर्तकांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. आठवडाभरात चौकशी समिती नेमली गेली.

समितीच्या बैठकीनंतर डॉ. वर्तकांनी यामिनीताईंना आपल्या खोलीत बोलावलं. आता पुन्हा मराठी.

"घाईगडबडीत चूक झाली, एवढंच लिहून द्या. निवृत्तीला आठ महिने तर राहिलेत तुमचे. प्रकरण मिटेल."

"तुम्हाला खरंच आठवत नाही?"

ते खिडकीकडे वळले. "आता आठवून काय उपयोग, ताई?"

घरी लेक जान्हवी चिडली. तिचं मराठी बंगालीच्या वळणानं जायचं. "आई, तू खरं ते लिही ना! तुला भय कशाचं?"

"भय नाही गं. त्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं, हेही खरंच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार ओळी लिहून दिल्या. नमुने मी नष्ट केले. आदेश डॉ. वर्तकांचा होता. लेखी आदेशाशिवाय मी तो पाळायला नको होता. ही माझी चूक, आदेश त्यांचा.

समितीच्या अहवालात फक्त पहिली ओळ आली. यामिनीताईंवर निष्काळजीपणाचा ठपका बसला, त्यांना प्रयोगशाळेत यायला बंदी झाली आणि शेजारच्या रुग्णालयाच्या कागदपत्रांच्या खोलीत पाठवण्यात आलं. डॉ. वर्तक बढतीवर दिल्लीला गेले. निरोप समारंभाला यामिनीताईंना कोणी बोलावलं नाही.

जानेवारीत मुलांच्या बाह्यरुग्ण विभागाची रांग त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत यायची. एका सकाळी फायली लावताना त्यांच्या कानावर एक खोकला पडला. कोरडा, आखूड, मधेच तुटणारा. त्यांचा हात थांबला. हे आपलं काम नाही, असं स्वतःला बजावून त्यांनी पुढची फाईल उचलली. खोकला पुन्हा आला.

त्या उठून बाहेर गेल्या. रांगेच्या शेवटी एक तरुण बाई वर्षभराच्या मुलीला शालीत गुंडाळून उभी होती. यामिनीताईंनी शाल बाजूला केली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती.

"साधी सर्दीच आहे," ती बाई बंगालीत घाईघाईनं म्हणाली. "दुकानातून औषध आणलं होतं."

"रांगेत उभी राहू नकोस. चल." यामिनीताईंनी तिचा दंड धरला आणि गर्दीतून वाट काढत तिला थेट तातडीच्या कक्षापाशी नेलं. आतल्या नर्सनं मुलीकडे एकदाच बघितलं आणि धावत ऑक्सिजन आणायला गेली.

बाई रडू लागली. "दीदी, आपनि डाक्तार?"

"नाही गं," यामिनीताई म्हणाल्या. "मी इथं कागद लावते."

नर्सनं मुलीला आईसकट आत घेतलं आणि दार लावून घेतलं. काचेतून आतलं काही दिसत नव्हतं. यामिनीताई थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मग पदरानं हात पुसत त्या आपल्या खोलीकडे परतल्या.